भजनाच्या रेडिओसाठी साडेचार क्विंटल तांबे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एका लहानशा गावात एएम रेडिओवर दिवसभर गॉस्पेल, म्हणजे तिथली ख्रिस्ती भक्तिगीते लागतात, या आपल्या रविवारच्या लेखावर आठवडाभर पत्रे येत आहेत. कोणाला आपल्या तालुक्यात ख्रिस्ती गीतांचे असे केंद्र हवे आहे, कोणाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचे, कोणाला दोन्हींचे. इच्छा चांगली आहे. पण ‘एएम स्वस्त असतं, एक टॉवर उभा केला की झालं’ असे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे आहेच. त्यावर विसंबून कोणी वर्गणीची पावतीपुस्तके छापायला टाकू नयेत म्हणून हे लिहीत आहोत. आम्ही रेडिओ दुरुस्ती आणि प्रक्षेपण या कामांतली माणसे. पत्र लांबेल; कापायचेच झाले तर कायद्याचा भाग कापावा, खंजिरीचा ठेवावा.

आधी टॉवरचे पाहू. मोबाइलच्या टॉवरवर अँटेना नुसता टांगलेला असतो, टॉवर म्हणजे फक्त खांब. मध्यम लहरीत, म्हणजे एएममध्ये, अख्खा टॉवरच अँटेना असतो. तो जमिनीला टेकत नाही, चिनी मातीच्या जाड इन्सुलेटरवर उभा राहतो, आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारांमध्येही मधूनमधून इन्सुलेटर घालावे लागतात. चालू टॉवरला हात लागला तर चटका बसतो, म्हणून भोवती कुंपण लागते. त्याची उंची लहरीच्या लांबीवर ठरते. साधारण पाव लहर उंची लागते. नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झची लहर ५१३ मीटर लांब, म्हणजे पाव लहर १२८ मीटर. डायलच्या वरच्या टोकाला, समजा १४८५ किलोहर्ट्झला, लहर २०२ मीटर भरते आणि टॉवर ५० मीटरवर येतो. लहान केंद्राने वरचे टोक धरायचे ते याचसाठी. तरी ५० मीटर म्हणजे सोळा-सतरा मजले.

हे झाले दिसणारे अर्धे. उरलेले अर्धे जमिनीखाली असते आणि वर्गणी काढणाऱ्यांच्या हिशेबात ते कधीच नसते. टॉवरच्या बुडापासून चौफेर, दर तीन अंशांना एक, अशा १२० तांब्याच्या तारा वीतभर खोल पुराव्या लागतात. प्रत्येक तार पाव लहर लांब. १२० तारा गुणिले ५० मीटर, म्हणजे सहा किलोमीटर तार. दहा गेजची, सव्वातीन मिलिमीटर जाडीची तार धरली तर एका मीटरचे वजन ७४ ग्रॅमच्या आसपास भरते. गुणाकार केला की साडेचार क्विंटलला थोडेसे कमी तांबे निघते. विहिरीवरच्या मोटारीची केबल जिथे रात्रीतून कापून नेतात, त्या मुलखात साडेचार क्विंटल तांबे वीतभर मातीखाली ठेवायचे आहे, हे मंडळाच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. जमीन लागेल शंभर मीटर गुणिले शंभर मीटर, म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. तिच्यावर वखर फिरेल, नांगर फिरणार नाही.

‘तीस तारांवर भागवू’ म्हणणारे कंत्राटदार भेटतील. भागते, पण किंमत कळली पाहिजे. पाव लहरीच्या टॉवरचा लहर फेकण्याचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. जमिनीचा रोध त्यात १२ ओहमने वाढला तर ४८पैकी ३६च कामाचे राहतात. एक किलोवॉटच्या ट्रान्समीटरमधले अडीचशे वॉट माती तापवण्यात जातात आणि वीजबिल मात्र पूर्ण किलोवॉटचे येते. आपल्या काळ्या मातीचा स्वभावही धरायला हवा. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा वीज चांगली वाहून नेते आणि जमिनीलगत जाणारी लहर लांब पोचते. वैशाखात भेगा पडतात तेव्हा पुरलेल्या तारेभोवती नुसती हवा राहते आणि आवाज थोडा आखडतो. हाच त्रास अर्थिंगच्या खड्ड्याला होतो, त्याबद्दल खाली.

वीज किती लागेल? एक किलोवॉटचा आजचा ट्रान्समीटर, पंखे आणि स्टुडिओ मिळून तासाला साधारण दोन युनिट धरावीत. सोळा तास चालवला तर दिवसाला ३२, महिन्याला साडेनऊशेच्या घरात. यात एसी नाही. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ट्रान्समीटर एसीविना ठेवला तर तो दुपारी दोनला स्वतःच बंद पडतो. तसा नाही पडला तर आणखी वाईट, कारण मग आतले ट्रान्झिस्टर जातात.

एवढे सगळे जमवले तरी परवाना मिळणार नाही. आपल्याकडे मध्यम लहरीवर फक्त आकाशवाणी आहे. खासगी केंद्रांचे धोरण एफएमचे, समुदाय रेडिओचे, म्हणजे स्थानिक संस्थांनी चालवायच्या लहान केंद्रांचे, धोरणही एफएमचेच. एएमसाठी संस्थेने अर्ज करावा असा रस्ताच नाही. व्यापारी एफएमच्या लिलावात धार्मिक संस्थेला किंवा तिच्या ताब्यातल्या कंपनीला बसता येत नाही. अमेरिकेत चर्चच्या मालकीची केंद्रे असतात. तो तिथला कायदा. तिथली सुरुवातही जुनी. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी एका चर्चमधली उपासना थेट प्रक्षेपित केली होती, म्हणजे केंद्र सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालणाऱ्या केंद्राला १९५४ साली ५० हजार वॉटची ताकद मिळाली आणि त्याची गॉस्पेल गाणी आसपासच्या कापूसपट्ट्यात दूरवर पोचू लागली. कापूस पिकवणारा मुलूख, रविवारची गाणी आणि एएमचा साधा संच हे चित्र यवतमाळकराला जवळचे वाटणार यात नवल नाही. पण तिथल्याही लहान एएम केंद्रांपैकी कित्येकांना सूर्यास्ताला ताकद कमी करावी लागते किंवा गप्प बसावे लागते, आणि बरीच केंद्रे आता अडीचशे वॉटपर्यंतचा एफएमचा जोड-ट्रान्समीटर सोबत चालवतात. त्यांनाच एएम पुरेना, तर आपण नव्याने त्याच्यामागे का लागावे?

सूर्यास्ताचे कारण सोपे आहे. दिवसा वातावरणाचा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर मध्यम लहर शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहर आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरते. श्रीलंकेतल्या पुत्तलम येथून ८८२ किलोहर्ट्झवर, ४०० किलोवॉट ताकदीने, भारतीय भाषांमधले ख्रिस्ती कार्यक्रम येतात ते रात्री विदर्भात ऐकू येण्याचे कारण हेच. आवाज मध्येच खोल जातो, पुन्हा वर येतो. अशा लांबच्या केंद्रांपुढे एक किलोवॉटच्या तालुका केंद्राचा टिकाव रात्री दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे लागणे अवघड. भजनाची खरी वेळ तर रात्रीचीच.

आता श्रोत्याच्या घरात येऊ. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो, आणि कुठलीही ठिणगी लहरीच्या उंचीतच भर घालते. रेडिओला दोन्हींत फरक करता येत नाही. खेड्यात ठिणग्या सध्या भरपूर आहेत. सगळ्यांत मोठी झटका मशीन. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) तार ओढलेली असते आणि मशीन सेकंदाला साधारण एक, काही हजार व्होल्टचा झटका त्या तारेत सोडते. तार कोरडी आणि मोकळी असेल तर फारसे बिघडत नाही. पण तिला गवत टेकले, किंवा खुंटीवरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकला, की प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी पडते आणि किलोमीटरभर लांब तार एखाद्या अँटेनासारखी ती आसपासच्या सगळ्या घरांत पोचवते. ‘गाणं लागून राहिलं, पण मागं टकटक होऊन राहिली’ ही तक्रार आली की आधी धुऱ्यावर बॅटरी घेऊन जावे. अंधारात ठिणगी डोळ्यांना दिसते. गवत कापून इन्सुलेटर बदलला की टकटक जाते आणि झटकाही पुन्हा जोमाने बसतो, त्यामुळे शेतकरी सहसा नाही म्हणत नाही.

टकटक नसून एकसारखी घरघर असेल तर वेगळे बघावे. रेडिओ सेलवर लावावा आणि घराचा मेन स्विच पाडावा. घरघर थांबली तर दोष घरात आहे. मेन चालू करून एकेक एलईडी बल्ब, चार्जर आणि सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर काढत जावे. बहुतेक वेळा स्वस्तातला एखादा बल्ब सापडतो. मेन पाडूनही घरघर राहिली तर दोष लाइनवर. डीपीवरचा तडकलेला इन्सुलेटर किंवा सैल जंपर अशी घरघर करतो, आणि पहाटेच्या दवात किंवा पहिल्या पावसात ती वाढते. हे वायरमनला सांगताना ‘रेडिओ खरखरतो’ असे सांगू नये, कोणी येत नाही. ‘डीपीवर ठिणगी दिसते’ असे सांगावे. खोटे नाही, आणि ते धोक्याचेही आहे.

रेडिओ फिरवून बघण्याचा उपाय अजूनही पुष्कळांना माहीत नाही. एएमसाठी बाहेरची दांडी काही कामाची नाही, ती एफएमसाठी असते. एएमचा अँटेना आत असतो, काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार. कांडीची लांब बाजू केंद्राच्या दिशेला असली की आवाज सर्वांत मोठा, टोक केंद्राकडे वळले की सर्वांत बारीक. म्हणून कांडीचे टोक ठिणगीच्या दिशेला येईल असा संच ठेवावा. केंद्राचा आवाज थोडा कमी होईल, पण खरखर त्याहून जास्त पडेल. संच हातातून पडल्यावर एएम गेले आणि एफएम राहिले, तर ती कांडी मोडलेली असते किंवा तिच्यावरच्या तारेचा एखादा केसासारखा पदर सुटलेला असतो. बदलायला अर्धा तासही लागत नाही.

एएमला नावे ठेवायचा हेतू नाही. मेळघाटच्या दऱ्यांत आणि गडचिरोलीच्या जंगलात एफएम डोंगराआड मुके होते, तिथे नागपूरची मोठी लहर वळणे घेऊन उतरते. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झाले. तेव्हापासून भजन आणि कीर्तन सकाळी ऐकण्याची सवय या मुलखाला लावली ती मध्यम लहरीनेच. आहे ती लहर जपावी असे आमचे मत आहे. तालुक्याने नवी काढण्यात मात्र अर्थ नाही.

मग काय करावे? समुदाय रेडिओ. नोंदणीकृत, ना-नफा, किमान तीन वर्षे सेवाकार्य केलेली संस्था, शाळा-महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र यासाठी अर्ज करू शकते. हेतुपत्र, मग फ्रिक्वेन्सी आणि मनोऱ्याच्या जागेची तपासणी, मग करार, मग वायरलेसचा परवाना असा क्रम असतो. कागद पुढे सरकायला वेळ लागतो आणि मधल्या टप्प्यावर मनोऱ्याची जागा बदलली तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा जागा आधी पक्की करावी. प्रभावी ताकद १०० वॉट, मनोरा जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि कमीत कमी १५. सपाटीवर दहा ते पंधरा किलोमीटर चांगले ऐकू येते. निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेले हवेत. २०२४च्या सुधारित नियमांनी कराराची मुदत दहा वर्षे केली आणि जाहिरातीला तासाला ७ऐवजी १२ मिनिटे दिली; सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२वरून ७४ रुपये झाला. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत. धार्मिक कार्यक्रमांना बंदी नाही, पण कोणाच्या श्रद्धेचा गैरफायदा घेणारे किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेला लागणारे काही चालत नाही. शिवाय केंद्र परिसरातल्या सगळ्यांचे असावे लागते. म्हणजे दिवसभर एकाच पंथाची गाणी लावणारे अमेरिकी पद्धतीचे केंद्र यात बसत नाही. सकाळी अर्धा तास ख्रिस्ती गीते, अर्धा तास खंजिरी, मध्ये बाजारभाव आणि फवारणीचा सल्ला, असे बसते. साताऱ्याकडच्या म्हसवडचे केंद्र किंवा तेलंगणातल्या माचनूरचे संगम रेडिओ पाहिले तर गावच्या माणसांकडून हे होते याची खात्री पटेल.

ऑनलाइन मिळणारे पाच-पंधरा वॉटचे एफएम ट्रान्समीटर आणून ‘यात्रेपुरते लावू’ असे कोणी करू नये. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. त्यातल्या बहुतेकांत गाळणी (फिल्टर) धड नसते; नको असलेल्या लहरी १०८ मेगाहर्ट्झच्या वर सांडतात, आणि तिथून पुढचा पट्टा विमानांचा आहे.

एफएमचे गणित एएमसमोर पोरखेळ वाटते, पण त्याच्या चुका वेगळ्या. ट्रान्समीटर ५० वॉटचा पुरतो. अर्धा इंची जाड केबल ४० मीटर धरली तर तिच्यात साधारण पाचवा हिस्सा जातो, ४० वॉट वर पोचतात, आणि दोन मजली, म्हणजे एकावर एक दोन भाग बसवलेला, अँटेना ते दुप्पट करून ८० करतो. नेहमीची पातळ केबल टाकून पैसे वाचवणारे हेच वॉट केबलमध्ये जाळतात. अँटेनाकडून परत येणारी वीज दाखवणारा काटा ट्रान्समीटरवर असतो. ५० वॉटला ५ वॉट परत यायला लागले की थांबून वर बघावे. नव्वद टक्के वेळा पहिल्या पावसानंतर अँटेनाच्या जोडात पाणी शिरलेले असते. जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारा रबरी टेप गुंडाळावा, त्यावर साधा टेप, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवावा म्हणजे पाणी तिथून टपकेल. झोळ ठेवला नाही तर पाणी केबलच्या अंगाने थेट ट्रान्समीटरच्या मागे उतरते.

वीज: ट्रान्समीटर, संगणक, मिक्सर आणि एक पंखा मिळून ४०० वॉट धरावेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच उतरवल्या तर, इन्व्हर्टरमधली तूट धरून, पावणेचार तास निघतात. निम्म्याखाली रोज उतरवल्या तर दोन उन्हाळ्यांत बदलाव्या लागतात. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत ठेवावा. विजा कोसळण्याच्या दिवसांत, म्हणजे मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात, हाच खड्डा ट्रान्समीटर वाचवतो, आणि नेमका त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काळी माती फाटून त्याच्यापासून सुटलेली असते. चैत्रापासून दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. हे काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे लागते, नाहीतर ते होत नाही.

आता खंजिरी. एएमवर ऐकलेले आणि एफएमवर ऐकलेले भजन इतके वेगळे का वाटते याचे कारण दोन्ही ठिकाणी झांजेपाशीच, म्हणजे खंजिरीच्या चकत्यांपाशीच, सापडते. मध्यम लहरीवर आपल्या भागात दोन केंद्रांतले अंतर ९ किलोहर्ट्झ ठेवलेले असते, त्यामुळे आवाजाला साडेचार किलोहर्ट्झची जागा मिळते, आणि साधा संच तेवढीही घेत नाही. माणसाचा गळा आणि हार्मोनियम यात आरामात मावतात. खंजिरीच्या कातड्यावरची थापही येते. पण तिच्या कडेला बसवलेल्या पितळी चकत्यांचा छनछनाट, टाळाची किणकिण, यांचा मोठा भाग त्याच्या वर असतो. एएमवर तो कापला जातो आणि खंजिरी डफासारखी ऐकू येते. गॉस्पेलला एएम मानवले ते यामुळेच; तिथे भर गळ्यावर आणि टाळ्यांवर असतो.

एफएमला जागा १५ किलोहर्ट्झची. छनछनाट पोचतो, पण दुसरीच खोड निघते. एफएममध्ये वरच्या पट्टीचा आवाज पाठवण्यापूर्वी मुद्दाम चढवतात आणि रेडिओत तेवढाच उतरवतात, म्हणजे सूं-सूं कमी ऐकू येते. आपल्याकडे ठरलेल्या प्रमाणानुसार १० किलोहर्ट्झचा आवाज मूळच्या तिपटीहून मोठा होतो. खंजिरी माइकच्या तोंडाशी वाजली की ही तिप्पट झालेली झांज मर्यादा ओलांडते, आणि मर्यादा राखणारे यंत्र, लिमिटर, अख्खा आवाजच खाली दाबते. झांज वाजली की गायक आत जातो, झांज थांबली की गायक बाहेर. ऐकणाऱ्याला वाटते बुवांचा दम गेला. बुवांचा दम शाबूत असतो.

उपाय ध्वनिमुद्रणातच करावा. गायकाचा माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. खंजिरी पाच-सहा फूट दूर, आणि तिचा रोख माइकच्या पाठीमागे. खंजिरीला वेगळा माइक दिलाच तर ८ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चार ते सहा डेसिबल उतरवावे. आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळवावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठलेच यंत्र शिवून देत नाही. हार्मोनियमचा भाता माइककडे असू नये, नाहीतर प्रत्येक ओळीमागे धापेसारखा आवाज येतो. पंखा बंद. चर्च असो की सभामंडप, पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतोच. मागच्या भिंतीला दोन आणि डावीकडच्या भिंतीला दोन जाड गोधड्या टांगल्या तरी घुमारा बराच उतरतो. चारही भिंती झाकू नयेत, मग गाणे कपाटात बसून म्हटल्यासारखे येते. आणि हार्मोनियम आधी सुरात लावून घ्यावी. गावोगावच्या पेट्यांतला काळी दोनचा सा एकमेकांशी क्वचितच जुळतो, आणि दोन मंडळांचे मुद्रण पाठोपाठ लावले की ते पहिल्याच ओळीला कळते.

ख्रिस्ती गीतांसाठी एक सोय आपल्याच भाषेत आहे. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ही भक्ती अभंगांच्या आणि पदांच्या चालीवर आणून ठेवली, त्यामुळे आपल्या चर्चमधले गाणे पेटी, ढोलक आणि झांजेवर आधीच बसलेले आहे; त्यासाठी ऑर्गन शोधायला नको. त्यांच्या रचनांवरचे हक्कही संपलेले आहेत, कारण आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८चे. म्हणजे त्यांच्या भजनांवरचा हक्क २०२८ संपेपर्यंत आहे, तोवर लेखी संमती घेऊनच ती लावावीत. आणि कॅसेट कंपनीचे मुद्रण वेगळे. कवीचा हक्क संपला तरी मुद्रणाचा संपत नाही. तोही प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो. स्वतःच्या मंडळाकडून गाऊन घेणे म्हणूनच सोयीचे, आणि निम्म्या स्थानिक कार्यक्रमांचा नियमही त्यातून पाळला जातो.

शेवटी पोटापाण्याचा हिशेब. रोज आठ तास प्रक्षेपण म्हणजे महिन्याला २४० तास. निम्मे आपले, १२० तास. सगळे भजन धरले आणि एका बैठकीतून लावण्यासारखे पाऊण तास निघाले, तर १६० बैठका. सकाळचे संध्याकाळी पुन्हा लावले तर ८०. म्हणजे आठवड्याला वीस. तालुक्यातली चर्चे, भजनी मंडळे आणि महिला मंडळे मोजून, त्यांच्यापैकी सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांतही संध्याकाळी किती बसू शकतील हे विचारून घ्यावे. एकेका मंडळाच्या आठवड्याला दोन बैठका धरल्या आणि तरी मंडळांचा आकडा दहाच्या खाली आला तर भजनाचे तास कमी करून शेती, दवाखाना आणि शाळेचे वाढवावेत आणि अर्जातही तसेच लिहावे. वर्गणीच्या पावत्या त्यानंतर छापाव्यात.

आपले,
रेडिओ दुरुस्ती व प्रक्षेपणाच्या कामातील काही जण
ता. दिग्रस, जि. यवतमाळ